दुधातले पेप्टाइड की डोनेपेझिल? विसराळूपणा रोखण्याच्या पर्यायांविषयी

नाशिकच्या एका वाचकांनी आपल्या आईविषयी सविस्तर लिहून सल्ला विचारला आहे. आईंचे वय ७१ असून त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आणि लघवी रोखून धरता येत नाही म्हणून गेल्या वर्षापासून ऑक्सिब्युटिनिन अशा गोळ्या त्या घेतात. वर्षभरात विसरणे वाढले आहे, तोच प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारतात, टीव्हीचा आवाज मोठा लागतो. स्वयंपाक, पूजा आणि भिशीचा हिशेब मात्र अजून स्वतःच पाहतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी घेतलेल्या, स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या मोका चाचणीत ३० पैकी २३ गुण आले, ‘सौम्य बोधात्मक ऱ्हास’ (स्मृतिभ्रंशाच्या आधीचा, रोजची कामे अजून जमतात असा टप्पा) असे निदान झाले आणि डोनेपेझिल हे अल्झायमरमध्ये दिले जाणारे औषध ५ मिलिग्रॅम सुचवले गेले. दरम्यान मुलाने दुधापासून काढलेल्या पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्यांची, पावडर मागवली आहे. दुष्परिणाम असलेल्या गोळीऐवजी या नैसर्गिक पेप्टाइडवर भिस्त ठेवली तर आईचा ऱ्हास थांबेल का, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. ओळखीच्या एकाने सुचवलेले पेप्टाइडचे इंजेक्शन आणि परदेशातली नवी अँटिबॉडी औषधे यांविषयीही त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधीच सांगतो. पावडरीवर भिस्त ठेवावी इतका पुरावा आज उपलब्ध नाही. परंतु डोनेपेझिलही या टप्प्यावर ऱ्हास रोखणारे औषध म्हणून सिद्ध झालेले नाही, आणि आईंच्या बाबतीत सर्वांत जास्त फायदा बहुधा या दोहोंपेक्षा पत्रात सहज लिहून गेलेल्या औषधांच्या यादीत दडलेला आहे.

आधी पेप्टाइडांविषयी. प्रथिनाचे पचन होताना किंवा जिवाणूंकडून आंबवले जाताना त्याचे दोन-चारपासून वीस-पंचवीस अमिनो आम्लांपर्यंतचे लहान तुकडे होतात, आणि त्यांतले काही तुकडे मूळ प्रथिनात न दिसणारे गुण दाखवतात. यांत सर्वांत जुना आणि सर्वाधिक तपासलेला गट दुधातल्या केसीनपासून मिळणाऱ्या दोन त्रिपेप्टाइडांचा आहे: व्हॅलीन-प्रोलीन-प्रोलीन आणि आयसोल्युसीन-प्रोलीन-प्रोलीन. लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस या जिवाणूने आंबवलेल्या दुधात ती सापडतात आणि रक्तदाबाच्या ‘प्रिल’ गटातल्या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात त्याच एन्झाइमला ती प्रयोगशाळेत अडवतात. जपानमधल्या चाचण्यांत रक्तदाब काही अंकांनी उतरलेला दिसला. युरोपीय लोकांत हा परिणाम बराच कमी भरला, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या पेप्टाइडांबद्दलचा रक्तदाबाचा दावा पुराव्याअभावी मान्य केला नाही. रक्तदाबासारखी घरबसल्या मोजता येणारी गोष्टसुद्धा जिथे इतकी निसटती आहे, तिथे स्मरणशक्तीच्या दाव्याकडे किती सावधपणे पाहावे लागेल याचा अंदाज यावरून करावा.

स्मरणशक्तीच्या बाबतीत माणसांवरचा पुरावा अगदीच नाही असे मात्र नाही. दुधाच्या निवळीतल्या प्रथिनापासून मिळणारे बीटा-लॅक्टोलिन हे चार अमिनो आम्लांचे पेप्टाइड जपानमध्ये अभ्यासले गेले आहे. दिवसाला १.६ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते १२ आठवडे दिल्यावर निरोगी मध्यमवयीन आणि ज्येष्ठ स्वयंसेवकांना, सूचक शब्द दिल्यावर जोडीचा शब्द आठवण्याच्या चाचणीत, बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक यश आले. मेंदूतले डोपामिन मोडणाऱ्या एन्झाइमला ते आवर घालते, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसते. हे संशोधन मी टाकाऊ मानत नाही. पण ते सहभागी निरोगी होते, कालावधी तीन महिन्यांचा होता, संख्या शंभराच्या आसपास होती आणि अभ्यासामागे ते पेप्टाइड विकणारी कंपनीच होती. निरोगी माणसाला शब्दजोडी थोडी बरी आठवणे आणि सौम्य ऱ्हास झालेल्या माणसाचा स्मृतिभ्रंशाकडे जाणारा प्रवास मंदावणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट दाखवण्यासाठी शेकडो माणसे आणि काही वर्षे लागतात, आणि कुठल्याही अन्नजन्य पेप्टाइडाने ती अजून दाखवलेली नाही.

अक्रोड, सोयाबीन, मासे यांच्या पेप्टाइडांबद्दल जे उत्साहाने लिहिले जाते ते बहुतांशी उंदरांपुरते आहे. तो प्रयोग कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. उंदराला स्कोपोलामिन टोचतात. या औषधाने ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचे काम काही वेळ बंद पडते आणि पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला चौथरा कुठे आहे हे उंदीर विसरतो. पेप्टाइड खाल्लेल्या उंदराला तो चौथरा लवकर सापडला की ‘स्मृतिरक्षक गुणधर्म’ सिद्ध झाला असे लिहिले जाते. औषधाने तात्पुरते आणलेले हे विस्मरण आणि वीस वर्षे मेंदूत साचत गेलेला अल्झायमर यांत साम्य फार थोडे. त्यातही प्राण्या-प्राण्यांत फरक असतो. चिकनमध्ये असणाऱ्या कार्नोसीन या दोन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे उदाहरण घ्या. माणसाच्या रक्तात त्याला तोडणारे कार्नोसिनेज नावाचे एन्झाइम असते आणि ते कार्नोसीनचा बराचसा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच संपवते. उंदराच्या रक्तात हे एन्झाइम नसतेच. त्यामुळे उंदराला लागू पडलेली मात्रा वजनाच्या प्रमाणात वाढवून माणसाला दिली तरी तेवढेच कार्नोसीन रक्तात टिकेल असे गृहीत धरता येत नाही. चिकनमधल्याच अँसेरीन या त्याच्या भावंडाला हे एन्झाइम सहजी तोडू शकत नाही, म्हणून जपानी संशोधकांनी पुढे त्यावर अधिक भर दिला. पण तिथेही चाचण्या लहान आहेत, आणि शाकाहारी आईंसाठी तो विषय तसाही गैरलागू आहे.

तोंडाने घेतलेल्या पेप्टाइडाला किती अडथळे पार करावे लागतात हे पाहायचे असेल तर आहारापेक्षा औषधशास्त्राकडे पाहावे. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचे गाजलेले औषध मुळात पेप्टाइडच आहे. त्याचे इंजेक्शन मधुमेहात बहुतेकांना आठवड्यातून एकदा १ मिलिग्रॅम पुरते; तेच गोळीतून द्यायचे तर रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते. शिवाय पोटातून ते शोषले जावे म्हणून गोळीत एक खास सहायक रसायन घालावे लागते, गोळी सकाळी अनशापोटी जेमतेम अर्ध्या कप पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा तास काही खाता-पिता येत नाही, आणि एवढे करून रक्तात पोहोचते ते सुमारे एक टक्का. दोन-तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडे आतड्यातल्या वाहक प्रथिनांमार्फत थोडीफार आत जातात हे खरे, पण रक्तातली एन्झाइमे त्यांतल्या बहुतेकांना मिनिटांत मोडतात आणि पुढे मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडसर असतोच. डब्यावर छापलेल्या मिलिग्रॅमच्या आकड्यावरून मेंदूपर्यंत किती पोहोचले हे म्हणूनच कळत नाही.

याच सेमाग्लुटाइडची गोष्ट इथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. मधुमेहासाठी ते घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे मोठ्या नोंदींमधून वारंवार दिसत होते, प्राण्यांवरचे निष्कर्षही आशादायक होते. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या सुमारे ३,८०० रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या दोन-दोन वर्षे चालवल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: आजाराची गती मंदावली नाही. इतका भक्कम पूर्वपुरावा असलेले, कसून तपासलेले पेप्टाइड प्रत्यक्ष कसोटीवर उतरले नाही, तिथे डब्यातल्या पावडरीने तेच काम करावे अशी अपेक्षा मला तरी ठेवता येत नाही.

इंजेक्शनविषयी थोडक्यात. आपल्याला सुचवले गेले ते बहुधा सेरेब्रोलायसिन असावे. डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांवर एन्झाइमची प्रक्रिया करून मिळवलेल्या पेप्टाइडांचे ते मिश्रण असते. रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशात त्याचा थोडा फायदा असू शकेल, पण पुरावा कमी दर्जाचा आहे, असा वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेत त्याला मान्यता नाही. आईंच्या स्थितीत ते देण्याचे कारण मला दिसत नाही. त्याचा उगम डुकरापासूनचा आहे ही माहिती पूर्ण शाकाहारी कुटुंबाला इंजेक्शन देण्यापूर्वी मिळायला हवी, आणि ती दर वेळी मिळतेच असे नाही.

आता औषधांकडे. डोनेपेझिलला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूतले ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवते, त्यामुळे उरलेल्या पेशींचा संदेश थोडा अधिक वेळ टिकतो. पेशींचे मरणे त्याने थांबत नाही. अल्झायमरचे निदान झालेल्यांत सहा महिन्यांनंतर ७० गुणांच्या मापनश्रेणीवर बनावट गोळीच्या तुलनेत सुमारे पावणेतीन गुणांचा फरक पडतो. काही रुग्णांत कुटुंबीयांना तो जाणवतो, काहींत जाणवत नाही. सौम्य बोधात्मक ऱ्हासात मात्र चित्र वेगळे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६९ जणांच्या तीन वर्षांच्या चाचणीत डोनेपेझिल घेणाऱ्या गटात पहिल्या वर्षी स्मृतिभ्रंशाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, पण तिसऱ्या वर्षाअखेर हा फरक पुसला गेला. त्याच चाचणीतल्या ई जीवनसत्त्वाचा तर काहीच उपयोग दिसला नाही. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीही या टप्प्यासाठी कुठल्याच औषधाची शिफारस केली नाही, उलट आठवड्यातून दोनदा व्यायामाची केली. आपल्या तज्ज्ञांनी गोळी सुचवली यात गैर काही नाही. स्मरणशक्तीचाच त्रास प्रामुख्याने असेल, त्यामागे अल्झायमरची शंका असेल आणि कुटुंबाची इच्छा असेल तर काही महिने देऊन पाहणे हा वाजवी निर्णय असू शकतो. मात्र आई मेटोप्रोलॉल घेतात. ते आणि डोनेपेझिल दोन्ही नाडी मंदावतात, आणि एकत्र दिल्यास चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी ईसीजी काढावा, आणि नाडी मिनिटाला ५५ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर हा विषय पुन्हा डॉक्टरांपुढे काढावा.

त्यापेक्षा मोठी अडचण ऑक्सिब्युटिनिनची आहे. हे औषध मूत्राशयाला शांत करते ते ॲसिटिलकोलिनला अडवून, आणि ते मेंदूतही शिरते. डोनेपेझिल ज्या रसायनाला वाढवू पाहते त्याचाच मार्ग ही गोळी बंद करते. वर सांगितलेल्या उंदरांच्या प्रयोगात स्कोपोलामिन जे करते, त्याच जातीचे काम ही गोळी सौम्यपणे रोज करत असते. विसरणे वर्षभरात वाढले आणि गोळीही वर्षभरापासूनच सुरू आहे, हा योगायोग असू शकतो. पण पहिल्यांदा तपासायची गोष्ट हीच आहे. मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलून ती थांबवता येईल का, मूत्राशयाच्या सवयीचे व्यायाम पुरतील का, किंवा मिराबेग्रॉनसारखे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध देता येईल का, हे विचारावे. मिराबेग्रॉनने रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे तोही पाहत राहावा लागेल. गंमत अशी, की डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढते, मग ऑक्सिब्युटिनिन लिहिले जाते, त्याने विसरणे वाढते आणि डोनेपेझिलची मात्रा वाढवली जाते, असे चक्र कित्येक ज्येष्ठांच्या चिठ्ठ्यांत दिसते. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामीन, झोपेसाठी घरात सहज असणारे अल्प्राझोलाम, कंबरदुखीसाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलीन हीसुद्धा विसरणे वाढवणाऱ्या औषधांच्या रांगेत बसतात. आईंच्या औषधांच्या डब्यात यांपैकी काही आहे का ते पाहा. अल्प्राझोलाम रोजचे असेल तर ते एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा.

मग बी१२. पूर्ण शाकाहार आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन, दोन्ही बी१२ कमी करतात, आणि आईंच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी१२ कमी आढळले होते, शहरी मध्यमवर्गात तर त्याहूनही अधिक जणांत. ते भरून काढल्याने अल्झायमर बरा होत नाही आणि ज्यांचे बी१२ पुरेसे आहे त्यांना जादा देऊन काही मिळत नाही, परंतु कमतरतेने होणारे विसरणे, हातापायांच्या मुंग्या आणि तोल जाणे यांवर हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पत्रात ही तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. थायरॉइडच्या तपासणीबरोबर ती करून घ्यावी.

रक्तदाबाकडे मी परत येतो, कारण पेप्टाइडांचा मूळ दावा ज्या वाटेने जातो त्या वाटेवरचा खरा पुरावा इथे आहे. अमेरिकेतल्या ९,३६१ जणांच्या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बोधात्मक ऱ्हासाचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत मधुमेही नव्हते आणि स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही, हेही सांगायला हवे. पण पुढे चीनच्या ग्रामीण भागात ३२६ खेड्यांतल्या जवळजवळ ३४,००० लोकांवर गावपातळीवरच्या आरोग्यकर्मींनी रक्तदाब १३०/८० च्या खाली आणण्याचा कार्यक्रम चार वर्षे राबवला, तेव्हा स्मृतिभ्रंश सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. हे सारे साध्या, जेनेरिक गोळ्यांनी झाले. आईंचा रक्तदाब घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून वहीत लिहा, एकदा बसून आणि एकदा उभे राहिल्यावर. उभे राहताच तो फार उतरत असेल तर खाली आणण्याची घाई करू नये.

टीव्हीचा आवाज वाढला आहे, तेव्हा कान तपासून घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ९७७ ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत कानाच्या यंत्राने सरसकट सर्वांना फायदा झाला नाही, पण हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका अधिक असलेल्या गटात तीन वर्षांतला बोधात्मक ऱ्हास जवळजवळ निम्म्यावर आला. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आई त्याच प्रकारच्या गटात मोडतात. यंत्र पहिल्या आठवड्यात नकोसे वाटते. ते डबीत पडून राहू नये म्हणून दोन-तीनदा आवाज जुळवून घ्यायला जावे लागते, एवढी तयारी ठेवा.

अँटिबॉडी औषधांविषयी आपण विचारले आहे. त्यांपैकी लेकॅनेमॅबच्या १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनी १८ गुणांच्या श्रेणीवर ०.४५ गुणांचा फरक पडला. मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारे प्रथिन) साचल्याचे पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातल्या द्रवाने सिद्ध व्हावे लागते, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यावे लागते आणि दर आठांपैकी एका रुग्णाच्या मेंदूत सूज दिसत असल्याने एमआरआय पुन्हा पुन्हा काढावे लागतात. वरच्या साऱ्या गोष्टी तपासून झाल्यावर, सहा महिन्यांनीही गुण घसरत राहिले तर, हा विचार मेंदूविकारतज्ज्ञांबरोबर जरूर करावा. आज ती पहिली पायरी होऊ शकत नाही.

राहिली मागवलेली पावडर. भारतात अशा उत्पादनांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. डब्यावर ती शोधून पाहा. आईंना दुधाची ॲलर्जी नसेल आणि मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर ती घेण्याने हानी होण्याची शक्यता कमी आहे. मधुमेहामुळे क्रिएटिनिन एकदा पाहून घ्यावे आणि पावडरीत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन किती आहे ते वाचावे. प्रथिने म्हणून तिची किंमत दूध, दही, मूग, मटकी आणि पनीर यांच्याहून अधिक नाही, आणि ज्येष्ठांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत हे लक्षात घेता आपल्या दोन पोळ्या-भाजी-वरणाच्या जेवणात ती बहुधा कमीच पडत असतील. तेवढ्यासाठी पावडर द्यायची तर द्या. फक्त ती डोनेपेझिलबरोबर एकाच आठवड्यात सुरू करू नका. गोळीने पहिल्या काही दिवसांत मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, पावडरीनेही पोट बिघडू शकते. दोन्ही एकदम सुरू केली आणि त्रास झाला, तर नेमके काय बंद करायचे हे आपल्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.